खोगिराखाली लपवलेले देव

(मोठ्यांच्या वर्गासाठी व रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यास)

शास्त्रपाठ : उत्पत्ती ३१:१७-३५, ३३:१८-२०, ३५:१-७
सोबत वाचावे : यशया ४६:१-४, कलस्सैकरांस ३:५, योहान ४:५-६

योहानाचे पहिले पत्र आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा वाचले जाते. प्रीतीविषयी बोलायचे असले, की आपण तेच पत्र उघडतो. पाच अध्यायांच्या या पत्रात मूर्तीचा विषय कोठेही निघत नाही, आणि मग अगदी शेवटच्या ओळीत वृद्ध प्रेषित आपल्या मुलांना मूर्तींपासून जपून राहावयास सांगतो व लेखणी खाली ठेवतो. सलाम नाही, आशीर्वाद नाही. तरुणपणी मला वाटे, ही ओळ येथे कशी आली? ज्यांना हे पत्र गेले ते विश्वासणारे होते. त्यांनी देवळे केव्हाच सोडली होती. त्यांना मूर्तींविषयी सांगण्याचे कारण काय?

आता वय झाल्यावर वाटते, की ती ओळ त्यांच्यासारख्यांसाठीच होती. ज्याच्या घरातून मूर्ती गेली, त्यालाच ‘या बाबतीत आपले आटोपले’ असे वाटते, आणि त्या बेसावधपणात दुसरी केव्हा येऊन बसते ते कळत नाही.

आरंभीच एक सांगून टाकतो. हा धडा शेजाऱ्याच्या देवघराकडे बोट दाखवण्यासाठी नाही. आम्ही हुबळीत गोकुळ रोडच्या एका गल्लीत राहतो. आमच्या दोन्ही अंगांना हिंदू कुटुंबे आहेत, आणि माझी पत्नी आजारी होती तेव्हा आमच्या घरी सकाळचा चहा त्या घरांतून येत असे. त्यांची घंटा ऐकून ‘आपण किती बरे’ असे ज्याला वाटते, त्याने हा धडा दोनदा वाचावा. आपल्याला आज आपल्याच घराची झडती घ्यायची आहे.

राहेलीने काय केले

याकोबाने लाबानाच्या घरी वीस वर्षे चाकरी केली आणि मग बायकामुले, गुरेमेंढरे घेऊन तो गुपचूप निघाला. निघताना राहेलीने आपल्या बापाच्या गृहदेवता चोरल्या. का चोरल्या, हे शास्त्र सांगत नाही. काही विद्वान म्हणतात, की ज्याच्याकडे गृहदेवता त्याचा मालमत्तेवर हक्क, अशी त्या काळी समजूत असावी. काही म्हणतात, लांबच्या वाटेवर रक्षण व्हावे म्हणून. मला दुसरे कारण अधिक पटते, कारण ते माझ्या ओळखीचे आहे. राहेलीने नवऱ्याचा देव टाकला नव्हता. याकोबाच्या देवाने आपली प्रार्थना ऐकून योसेफ दिला, हे ती जाणून होती. तरी पण रस्ता लांबचा, मुलगा लहान. तेव्हा परमेश्वर आहेच, पण हेही बरोबर असू द्यावे.

हे ‘हेही असू द्यावे’ नीट ध्यानात घ्यावे. मूर्ती आपल्या घरांत याच शब्दांनी येते. परमेश्वराच्या ऐवजी काही ठेवा, असे कोणी म्हटले तर आपण दचकून उठू. म्हणून कोणी तसे म्हणत नाही. परमेश्वराच्या जोडीला एखादी गोष्ट ठेवावी, एवढेच सांगणे असते, आणि ते शहाणपणाचे वाटते.

पुढे लाबान पाठलाग करून येतो आणि तंबू धुंडाळतो. राहेलीने त्या देवता उंटाच्या खोगिरात लपवल्या आहेत आणि ती त्यावर बसली आहे. उठता येत नाही म्हणून ती बापाला सबब सांगते. ज्या देवांनी तिला सांभाळायचे, त्यांना तीच सांभाळून बसली आहे! बिचाऱ्या याकोबाला तर पत्ताच नाही. ज्याच्याकडे देव सापडतील तो जिवंत राहणार नाही, असे तो लाबानाला बोलून चुकला आहे. नवऱ्याला बायकोचे आणि बायकोला नवऱ्याचे खोगीर ठाऊक नसते, ही गोष्ट जुनी आहे.

येथे यशयाचा ४६ वा अध्याय काढावा. बाबेलचे मोठे देव, बेल आणि नबो, जनावरांच्या पाठीवर लादले आहेत आणि ओझ्याखाली जनावरे वाकली आहेत. त्याच्या लगेच पुढे परमेश्वर आपल्या लोकांना सांगतो, की तुमच्या जन्मापासून पिकल्या केसांपर्यंत तुम्हांला वाहणारा मी आहे. मूर्ती ओळखण्याची याहून सोपी परीक्षा मला शास्त्रात दुसरी सापडली नाही. एखादी वस्तू चांगली की वाईट, हे आधी विचारूच नये. ती मला वाहते की मी तिला वाहतो, हे विचारावे. सोन्याचेच पाहा. निर्गमाच्या ३२ व्या अध्यायात इस्राएलांनी कानांतली सोन्याची कुंडले दिली आणि त्यांचे वासरू झाले. तीनच अध्याय पुढे गेलो, तर त्याच लोकांनी आणलेल्या सोन्याच्या दागिन्यांतून निवासमंडपाचे काम होते. लोक तेच होते आणि रानही तेच.

शखेमची जागा

याकोब घरातून पळाला तेव्हा बेथेल येथे त्याने नवस केला होता, की देवाने मला सुखरूप परत आणले तर हा दगड देवाचे घर होईल आणि मी दशमांश देईन. देवाने त्याला सुखरूप आणले. मग याकोबाने काय केले? तो बेथेलास गेला नाही. शखेम नगरापुढे त्याने तळ दिला आणि हमोराच्या मुलांकडून शंभर कसीटा देऊन जागा विकत घेतली. जागा घेण्यात पाप नाही. तेथे त्याने वेदीही बांधली. पण नवस बेथेलचा होता आणि बिऱ्हाड शखेमात पडले. त्याच मुक्कामी दीनेचे दुःख झाले, मुलांनी रक्तपात केला, आणि याकोबाला त्या मुलखात तोंड दाखवणे कठीण झाले.

हा भाग मी मंडळीत कधी शिकवीत नसे. त्याचे कारण आता सांगतो.

मी मूळचा मिरजेकडचा. १९८१ साली नोकरीनिमित्त हुबळीत आलो. रविवारी आम्ही कन्नड उपासनेत बसतो आणि शुक्रवारी संध्याकाळी चार-पाच मराठी कुटुंबे एकमेकांच्या घरी प्रार्थनेस जमतो. त्या काळी गोकुळ रोडच्या आतल्या बाजूस मोकळे माळ होते. १९९४ साली एका माळावर आम्ही साइट घेतली, तीस बाय चाळीस. कर्ज काढले. मी नोकरीला होतो तेथे रविवारी जादा काम मिळत असे, आणि त्याचे पैसेही बरे असत. मी मनाशी म्हटले, घर होऊ दे. मग पहिल्या रविवारी सर्वांच्या आधी जाऊन बसेन. पाच वर्षे मी हेच म्हणत होतो. पत्नी दोन्ही मुलांना घेऊन उपासनेला जाई आणि मी डबा घेऊन कामावर. संध्याकाळी मात्र मी न चुकता साइटवर जाई. भिंत किती वर आली ते पाही, पाणी मारी, विटा मोजी. आता आठवले की वाटते, त्या पाच वर्षांत मी जेवढ्या निष्ठेने त्या भिंतींपुढे उभा राहिलो, तेवढ्या निष्ठेने देवापुढे कधी उभा राहिलो नव्हतो.

१९९९ साली घर झाले. घराच्या समर्पणाला पाळकसाहेब आले, मंडळीतले लोक आले. दारावर आम्ही ‘बेथेल’ अशी पाटी लावली होती. पाळकसाहेबांनी ती वाचली आणि सहज विचारले, “नाव फार चांगले. याकोब बेथेलास पोहोचण्याआधी शखेमात किती दिवस बसला होता हो?” त्यांनी ते मला उद्देशून म्हटले नव्हते, त्यांना माझे रविवार ठाऊकही नसावेत. मग गीत झाले. कन्नड गीत होते. माझी अकरा वर्षांची मुलगी सगळ्या कडव्यांसह पाठ म्हणत होती आणि मी नुसते ओठ हलवीत होतो. पाच वर्षांत माझ्या मुलीने दुसऱ्या भाषेत देवाची स्तुती करावयास शिकून घेतले होते, आणि मला तिचे एकही गीत ठाऊक नव्हते.

त्या रात्री मी पत्नीला सर्व सांगितले. ती म्हणाली, “हे मला आज कळले असे का वाटते तुम्हांला?”

कर्ज अजून दहा वर्षांचे होते. आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. रविवारचे जादा काम सोडले तर वरचा मजला होत नव्हता. वरच्या मजल्यासाठी खांबांच्या सळ्या गच्चीवर सोडून ठेवल्या होत्या. त्या आजही तशाच उघड्या आहेत, गंजून लाल झाल्या आहेत. नवीन शेजारी विचारतात, वर कधी बांधणार? पूर्वी उत्तर देताना मला लाज वाटे.

आपल्या वडीलधाऱ्यांना मूर्ती किती महाग पडली

हे सांगताना मला आपल्या आधीच्या पिढ्यांची आठवण होते. बासेल मिशनचे लोक १८३४ साली मंगळूरला उतरले, १८३७ साली धारवाडला आणि १८३९ साली हुबळीला आले. जे त्यांच्या उपदेशाने ख्रिस्ताकडे वळले, त्यांच्यापुढे पहिला प्रश्न पोटाचा होता. जात गेली की धंदा गेला, वाडा गेला, विहिरीचे पाणीही गेले. म्हणून त्या मिशनने विणकामाचे कारखाने काढले, आणि १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना सुरू झाला. ती कौले पुढे पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे माहीत झाली. या मंडळ्यांतल्या कित्येक कुटुंबांच्या आज्यापणज्यांनी अशा कारखान्यांत मजुरी करून भाकरी खाल्ली आहे.

ती नोकरी म्हणजे देवाची देणगी होती. तीन पिढ्यांनंतर आपण पाहतो, की ‘नोकरी’ या शब्दापुढे आपली घरे हात जोडून उभी आहेत. देणगी केव्हा देवता झाली? पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या मिशनऱ्यांना देश सोडावा लागला आणि त्यांचे कारखाने दुसऱ्यांच्या हाती गेले. मंडळ्या मात्र राहिल्या, आणि आजही रविवारी धारवाड-हुबळीत त्यांचे नातूपणतू जमतात.

दुसरे उदाहरण बेळगावचे, म्हणजे आपल्या मराठी माणसांचे. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात कासार कुटुंबात झाला. मुंबईत शिकत असताना त्यांचा परमहंस सभेशी संबंध आला. ही सभा १८४९ च्या सुमारास निघाली. तिचे सभासद शिकलेले, धीट विचारांचे तरुण होते. जातिभेद आणि मूर्तिपूजा त्यांना मान्य नव्हती. पण सभा गुप्त होती. बैठका बंद दारांआड, आणि घरी गेल्यावर सर्व पूर्ववत. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विरून गेली. त्या तरुणांना हसण्याचा मला काही अधिकार नाही. त्या काळी ते बोलले हेच मोठे होते. पण एवढे दिसते, की त्यांनी दगडाची मूर्ती नाकारली तरी तिच्या मागे एक उभी होती, तिला हात लावता आला नाही. तिचे नाव ‘लोक काय म्हणतील’. बाबा पदमनजींनी १८५४ साली बेळगावातच, आपल्या ओळखीच्या लोकांत, बाप्तिस्मा घेतला. पुढे १८८८ साली ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या मनाची सारी घालमेल लिहून ठेवली. ते पुस्तक आपल्या तरुणांनी मिळवून वाचावे.

‘लोक काय म्हणतील’ ही मूर्ती आपल्या मंडळ्यांत आहे की नाही, हे कोणत्याही लग्नात पाहावे. कर्ज काढून मांडव घालतो, जेवणात पदार्थ किती ते मोजले जातात, आणि ती मुलगी सासरी जाऊन दोन वर्षे झाली तरी बाप हप्ते फेडीत असतो. त्या लग्नाला आशीर्वाद द्यायला पाळक असतो. आपणही असतो, आणि परत येताना रिक्षात बसून आपणच म्हणतो, की गोड पदार्थ एकच होता.

हातातले देव

उत्पत्तीच्या ३५ व्या अध्यायात एक बारीक गोष्ट आहे. याकोबाच्या घरच्यांनी जे परके देव त्याला आणून दिले, ते त्यांच्या हातांत होते असे तेथे म्हटले आहे. हातात मावणारे देव! हे वाचताना आज कोणाच्याही मनात काय येईल, ते सांगायला नको. आमच्या शुक्रवारच्या सभेत एकदा प्रार्थना चालू असता चार खिशांतून चार आवाज आले, आणि प्रार्थना करणारा बंधू ‘आमेन’ म्हणण्याआधी तिघांचे हात खिशात गेले होते. त्यांत एक हात माझा होता.

पण मोबाइलवर सर्व दोष टाकून मोकळे होण्याची जी रीत पडली आहे, ती मला खरी वाटत नाही. मोबाइलवर माझी मुलगी रोज रात्री परगावाहून बोलते, आणि डोळे अधू झाल्यापासून पवित्र शास्त्रही मी त्यावरच मोठ्या अक्षरांत वाचतो. त्यात आपण काय शोधतो, हे पाहिले पाहिजे. फोटो घातल्यावर तासाभरात पाचदा उघडून पाहतो, की किती जणांनी पसंत केला. आपण कोणाला तरी हवे आहोत, असे त्या काचेने सांगावे अशी आपली इच्छा असते. ते तिला सांगता येत नाही, म्हणून आपण पुन्हा पुन्हा उघडतो.

आणखी एका मूर्तीविषयी लिहिताना माझा हात जड होतो, कारण ती आपण मुलांच्या भल्यासाठी म्हणून बसवतो. दहावी आली, की मूल रविवारच्या शाळेतून गळते. बारावीला उपासनेतून गळते. ‘या दोन वर्षांपुरते’ असे आईबाप म्हणतात. शिकवणीचा वर्ग रविवारी सकाळी असतो आणि पाळकही समजून घेतात. आमच्या सभेतल्या एका घरचा मुलगा दोन वर्षे असाच गेला. परीक्षेत त्याला हवे तेवढे गुण मिळाले नाहीत. त्यानंतर तो खोलीतून बाहेर येईना, जेवेना, कोणाशी बोलेना. आम्ही त्याला भेटायला गेलो तेव्हा कळले, की त्याच्याशी बोलायला आमच्यापाशी काही उरलेच नव्हते. दोन वर्षांत आम्ही प्रत्येकाने त्याला एकच प्रश्न विचारला होता : अभ्यास कसा चालला आहे? देव तुझ्यावर प्रीती करतो, हे आम्ही त्याला शिकवले होते. पण गुणांशिवाय आम्ही तुझ्यावर प्रीती करतो, हे त्याला कोणी दाखवले नव्हते. तो मुलगा आता बरा आहे, प्रभूची स्तुती असो. त्याची आई दर शुक्रवारी येते. ती एकदा म्हणाली, “पूर्वीचे लोक मोलखापुढे मुले देत, हे वाचून मला राग यायचा. आता मी ते पान वाचत नाही.”

मंडळीच्या मूर्तींविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर बोलू लागलो तर भांडणे होतात. मोशेने देवाच्या आज्ञेवरून पितळी सर्प केला होता. लोकांना जीवदान देण्यासाठी तो होता. शेकडो वर्षांनी लोक त्यालाच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (२ राजे १८:४). देवाने दिलेली वस्तूही पूज्य होऊ शकते. जुनी इमारत, कमिटीतली खुर्ची, बाकावर कोरलेले आजोबांचे नाव, मिशनकडून राहिलेली जमीन, यांपैकी कशासाठी आपण कोर्टाची पायरी चढलो आणि भावाशी प्रभुभोजनाच्या मेजावर बोललो नाही, हे ज्याचे त्याने आठवावे.

एला वृक्षाखाली

आता ३५ व्या अध्यायाकडे परत येऊ. देव याकोबाला म्हणतो, ऊठ, बेथेलास जा. तेव्हा कोठे याकोब आपल्या घरच्यांना सांगतो, की परके देव काढून टाका, शुद्ध व्हा, कपडे बदला. त्याला आता ठाऊक होते, असे दिसते. किती दिवसांपासून, ते शास्त्र सांगत नाही. सर्वांनी देव आणून दिले, कानांतली कुंडलेही दिली, आणि याकोबाने ती शखेमजवळच्या एला वृक्षाखाली पुरली.

येथे काही गोष्टी माझ्या मनात भरल्या. याकोबाने कोणाची झडती घेतली नाही. लाबानाने झडती घेतली होती आणि त्याला काही सापडले नव्हते. याकोबाने बेथेलचे नाव काढले, ज्या देवाने संकटाच्या दिवशी आपले ऐकले त्याच्याविषयी सांगितले, आणि लोकांनी आपणहून आणून दिले. राहेलही उठली असेल. मुलांच्या हातून मोबाइल हिसकावणाऱ्या आईबापांनी हे पाहावे.

आणि त्याने ते विकले नाही. कुंडले सोन्याची असतील, तरी पुरली आणि पुढे गेला. मूर्ती सोडताना तिची किंमत वसूल करण्याचा मोह मोठा असतो. माझ्याही मनात आले होते, की रविवार सोडतो, पण शनिवारी रात्री जादा काम घेऊ.

शिवाय सर्व घराने मिळून केले. परमहंस सभेच्या तरुणांना जे जमले नाही ते हेच, घरच्यांच्या देखत करणे. एकट्याने मनात मूर्ती सोडली, तर ती दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी परत येऊन बसते. घरी एकाला तरी सांगावे लागते.

जागा मोकळी ठेवूनही भागत नाही. झाडून-लोटून रिकाम्या ठेवलेल्या घरात सात दुष्ट आत्मे परत आले, हा प्रभूचा दृष्टांत (मत्तय १२:४३-४५) शिक्षकांना ठाऊक आहे. मूर्तीचा वेळ ज्या घटकेला जात होता, त्या घटकेला दुसरे काही बसवावे लागते. मी रविवारी सकाळी सुरुवातीला मुलीकडून कन्नड गीते शिकलो. माझे उच्चार ऐकून ती हसून लोळायची.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरदार, जात, मानमरातब सर्व सुटले. कोणालाही वाटेल, की या माणसाचे सोडून देणे संपले. पण त्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ साली, आयुष्याच्या उतरणीला लागल्यावर त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. पगार काही पाप नव्हता. पण आपल्या लोकांमध्ये ख्रिस्ताची सेवा मोकळेपणाने करण्याच्या आड तो येतो, असे त्यांना वाटले. पुढे दोनच वर्षांनी, १९१९ साली, ते प्रभूकडे गेले. येथे एक शब्द लक्ष्मीबाईंसाठीही लिहितो. टिळकांनी ज्या ज्या गोष्टी सोडल्या, त्यांचा भार संसारात त्यांना उचलावा लागला, आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला तो दिसतो. प्रत्येकाला पगार सोडण्याचे बोलावणे नसते. पत्नीला न विचारता सोडण्याचे तर बहुतेकांना नसते.

शिक्षकांसाठी

लहान मुलांच्या वर्गात एक रिकामे दप्तर न्यावे. मुलांनी एकेक दगड आणून त्यात घालावा आणि एका मुलाने ते पाठीवर घेऊन वर्गाला फेरी मारावी. मग शिक्षकाने वर्गातल्या सर्वांत लहान मुलाला उचलून घ्यावे आणि विचारावे, कोण कोणाला वाहतो? यशया ४६ समजावायला याहून अधिक बोलू नये. मुलांना शेजारच्या मित्रांच्या देवांची थट्टा करू देऊ नये; दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच बाकावर बसायचे असते, आणि थट्टेने कोणी ख्रिस्ताकडे आलेला मी पाहिला नाही.

मोठ्या मुलांना ‘तुमची मूर्ती कोणती’ असे सरळ विचारले, तर ती सगळी ‘मोबाइल’ म्हणतात, कारण शिक्षकांना तेच उत्तर हवे आहे हे त्यांना कळते. त्यापेक्षा असे विचारावे : कोणती गोष्ट हरवली, तर तुला वाटेल की आता मी कोणीच नाही? उत्तर मोठ्याने द्यायला लावू नये. कागदावर लिहून स्वतःजवळ ठेवू द्यावे.

मोठ्यांच्या वर्गात यहोशवा २४ वाचावा. त्याच शखेमात, पुढच्या पिढ्यांना जमवून, यहोशवाला पुन्हा तेच सांगावे लागले, की तुमच्यामधले परके देव काढून टाका. आणि तेथल्या एला वृक्षाखाली त्याने मोठा धोंडा उभा केला. एकदा पुरून का भागले नाही, यावर वर्गाने बोलावे. बोलण्याचा आरंभ शिक्षकाने स्वतःपासून करावा. तो जर दुसऱ्यांपासून केला, तर वर्ग गप्प बसतो, हा माझा अनुभव आहे.

वेळ उरल्यास योहानाचा ४ था अध्याय उघडावा. याकोबाने योसेफाला दिलेल्या शेताजवळ, याकोबाच्या विहिरीवर, दुपारच्या वेळी आपला प्रभू प्रवासाने थकून बसला आहे आणि एका शोमरोनी स्त्रीजवळ प्यायला पाणी मागतो आहे. ते शखेमच्याच बाजूचे ठिकाण. इतक्या विहिरी असताना प्रभू येथेच का बसला असेल, हे वर्गाला विचारावे आणि उत्तरासाठी थोडे थांबावे.